नोटीस आल्यावर पहिल्यांदा काय उघडावं: वायपोच्या ग्लोबल ब्रँड डेटाबेसचं परीक्षण

मोठ्या कंपनीची ट्रेडमार्क नोटीस छोट्या व्यावसायिकाच्या हाती पडते तेव्हा तिची भाषा ठरलेली असते. आमचं चिन्ह जगप्रसिद्ध आहे, तुमचं नाव त्याच्याशी मिळतंजुळतं आहे, अमुक दिवसांत वापर थांबवा आणि तसं लिहून द्या, नाहीतर दावा लावू. ही मुदत कोर्टाने घातलेली नसते, समोरच्या वकिलाने ठरवलेली असते. तरीही पाटी, पॅकिंग, वेबसाइट सगळं बदलायचा निर्णय पुष्कळदा याच मुदतीत होऊन जातो, आणि कंपनीच्या नावावर नेमकं काय नोंदलेलं आहे हे कुणी उघडून पाहिलेलंच नसतं.

ते पाहायची सोय जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने, म्हणजे वायपोने, २०११ पासून फुकट करून दिली आहे. ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये अनेक देशांच्या ट्रेडमार्क कार्यालयांच्या नोंदी आणि माद्रिद पद्धतीने, म्हणजे एकाच अर्जातून अनेक देशांसाठी, झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदण्या एकाच ठिकाणी शोधता येतात. एरवी हे काम करणाऱ्या खासगी सेवा चांगली फी घेतात. छोट्या व्यवसायासाठी हा डेटाबेस अत्यंत मोलाचा आहे, पण त्याची खरी ताकद बहुतेक लोक वापरत नाहीत. नाव टाकतात, दोन-चार निकाल पाहतात आणि खिडकी बंद करतात.

नोटीस हातात असेल तर शोध नावाने सुरू करू नका, मालकाच्या नावाने करा. मोठ्या समूहांत चिन्हं बऱ्याचदा वेगळ्याच कंपनीच्या नावावर असतात: दुकानं एक कंपनी चालवते, चिन्हांची मालकी दुसरीकडे असते. म्हणून नोटिशीत दिलेला नोंदणी क्रमांक आधी टाका, त्या नोंदीतलं मालकाचं नाव जसंच्या तसं उचला आणि मग त्या नावाने पूर्ण यादी काढा. नोटिशीत नोंदणी क्रमांकच नसेल तर तीही महत्त्वाची माहिती आहे. उत्तर देताना पहिली मागणी तीच करायची: कोणत्या देशातली, कोणत्या वर्गातली (म्हणजे कोणत्या प्रकारच्या मालासाठी किंवा सेवेसाठी), कोणत्या क्रमांकाची नोंदणी?

यादी समोर आली की देश, वर्ग आणि स्थिती हे तीन फिल्टर लावा. प्रत्येक नोंदीसाठी अर्जाची तारीख, नोंदणीची तारीख, वर्ग, मालाचं वर्णन आणि चिन्ह नुसता शब्द आहे की चित्रासह आहे, एवढं एका तक्त्यात उतरवा. शेजारी स्वतःच्या पहिल्या विक्रीची तारीख लिहा. कितीतरी नोटिशींमधली हवा इथेच निघून जाते, कारण ट्रेडमार्कचा हक्क देशापुरता असतो. जगभर नोंदणी आहे म्हणजे तुमच्या देशात, तुमच्या मालासाठी, तुमच्या आधीपासून आहे असं नाही.

टोयोटा आणि भारतातल्या प्रायस ऑटो इंडस्ट्रीज यांचं प्रकरण यासाठी जरूर समजून घ्यावं. टोयोटाने प्रायस गाडी जपानमध्ये १९९७ साली आणली. भारतातली ही कंपनी गाड्यांचे सुटे भाग आणि सजावटीचं सामान विकत होती. तिने २००१ पासून हे नाव वापरलं आणि २००२ मध्ये नोंदवलं. टोयोटाने दावा लावला २००९ मध्ये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये प्रायस या नावापुरता निकाल टोयोटाच्या विरुद्ध दिला. परदेशातली प्रसिद्धी पुरेशी नाही, २००१ साली भारतातल्या ग्राहकांमध्ये त्या नावाची ओळख होती हे दाखवायला हवं होतं, असा त्याचा गाभा. तारखांचा तक्ता किती जड पडू शकतो हे यावरून कळतं. मात्र कंपनीचं चिन्ह खरोखरच त्या देशात सर्वांना माहीत असेल, तर तिथे नोंदणी नसतानाही संरक्षण मिळू शकतं. औद्योगिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय पॅरिस करारातच तशी तरतूद आहे. त्यामुळे यादीत नोंद सापडली नाही एवढ्यावरून निश्चिंत होता येत नाही.

दुसरी शोधण्यासारखी गोष्ट म्हणजे जुन्या, न वापरलेल्या नोंदण्या. मोठ्या कंपन्या चिन्ह एकदम दहा-बारा वर्गांत नोंदवून ठेवतात आणि त्यातल्या निम्म्या मालाचं उत्पादनही करत नाहीत. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये सलग पाच वर्षं खरा वापर नसेल तर त्या मालापुरती नोंदणी रद्द करून घेता येते. अमेरिकेत सलग तीन वर्षं वापर नसला तर चिन्ह सोडून दिलं असं गृहीत धरलं जातं. भारतात हिशेब पाच वर्षं आणि तीन महिन्यांचा आहे. तुमच्या तक्त्यात अशी संशयास्पद नोंद दिसली तर तिला वेगळी खूण करा. वकिलासाठी ती उलट चालीची जागा आहे.

आयर्लंडच्या सुपरमॅक्स या फास्ट फूड साखळीने हेच केलं. युरोपात विस्तार करताना मॅकडोनाल्ड्सने हरकत घेतली, तेव्हा सुपरमॅक्सने २०१७ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या बिग मॅक या चिन्हाचीच नोंदणी रद्द करायचा अर्ज दिला. युरोपीय संघाच्या ट्रेडमार्क कार्यालयाने २०१९ मध्ये तो मान्य केला, कारण मॅकडोनाल्ड्सने दिलेला वापराचा पुरावा अपुरा ठरला: प्रतिज्ञापत्रं, वेबसाइटची पानं, माहितीपत्रकं, विकिपीडियाचं पान. नंतर अपिलात काही भाग परत मिळाला, पण जून २०२४ मध्ये युरोपच्या जनरल कोर्टाने कोंबडीच्या पदार्थांसाठी आणि रेस्टॉरंट सेवेसाठी पाच वर्षांचा खरा वापर सिद्ध झालेला नाही असं ठरवलं. सुपरमॅक्स काही टपरीएवढा धंदा नाही, लढायला पैसा होता. पण मार्ग तोच आहे आणि त्याची सुरुवात नोंदीतल्या मालाच्या यादीपासूनच होते.

नाव ठरवण्याआधी वापरायचं असेल तर पद्धत बदलते. माल आणि सेवांच्या नीस या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत, १ ते ३४ मालाचे आणि ३५ ते ४५ सेवांचे. नवखा माणूस फक्त स्वतःचा वर्ग पाहतो आणि तिथेच फसतो. कॉफीची पूड ३० मध्ये येते, कॅफे ४३ मध्ये, छापील मग २१ मध्ये, टी-शर्ट २५ मध्ये. कोर्ट वर्गाच्या आकड्यापेक्षा ग्राहकाची गल्लत होईल का हे पाहतं, म्हणून शेजारचे वर्गही तपासावे लागतात. शोध तीनदा करा: जसंच्या तसं स्पेलिंग, जरा बदललेलं स्पेलिंग आणि उच्चारावरून. उच्चाराचा पर्याय इंग्रजी वळणाच्या नावांना बरा चालतो. इतर लिप्यांतल्या नावांवर मात्र भरवसा ठेवू नका. चिन्हातला मजकूर त्या त्या कार्यालयाने कसा टिपला यावर सगळं अवलंबून असतं, तेव्हा रोमन आणि मूळ लिपी अशा दोन्हींत स्वतंत्र शोध घ्यावा.

चित्रावरून शोध हा या सेवेतला सर्वात चांगला भाग आहे. २०१९ पासून तो कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालतो. लोगोची फाइल टाकली की मिळतीजुळती चिन्हं समोर येतात. लोगो आधी पांढऱ्या पार्श्वभूमीवर, शब्द काढून, नुसती आकृती ठेवून टाका. नंतर शब्दांसह टाका. शब्द आणि चित्र एकत्र असलं की निकाल भरकटतात. निकाल फार आले तर व्हिएन्ना वर्गीकरणाचा फिल्टर लावा. त्यात आकृत्यांचे २९ मुख्य प्रकार आहेत: प्राणी तिसऱ्यात, झाडं-फळं पाचव्यात.

या शोधाची मर्यादा प्रिपेअरच्या प्रकरणात दिसते. स्वयंपाकाचं नियोजन करणाऱ्या या ॲपच्या लोगोत पेअर फळाची बाह्यरेषा आणि वर एक पान होतं. अ‍ॅपलने २०२० मध्ये त्याच्या नोंदणीला हरकत घेतली. २०२१ मध्ये तडजोड झाली आणि पानाचा आकार बदलून प्रकरण मिटलं. पेअर आणि सफरचंद यांत कुणाची गल्लत होईल असं शोधयंत्र सांगणार नाही, बहुतेक ग्राहकही सांगणार नाहीत. पण कोणती कंपनी किती दूरच्या चिन्हाला हरकत घेते ही सवय डेटाबेसमध्ये कळत नाही. ती पाहायला त्या त्या देशाच्या कार्यालयाच्या हरकतींच्या नोंदी चाळाव्या लागतात. अमेरिकेच्या आणि युरोपीय संघाच्या कार्यालयांत त्या ऑनलाइन पाहता येतात. मोठ्या नावाच्या शेजारी जाणारं नाव निवडणार असाल तर त्यात एक संध्याकाळ घालवणं नक्की फायद्याचं.

आता त्रुटी. सगळे देश यात नाहीत, आणि जे आहेत त्यांचा मजकूर एकाच वेगाने ताजा होत नाही. म्हणून शोध घेताना त्या कार्यालयाची माहिती शेवटची कधी आली ते आधी बघा. गेल्या काही आठवड्यांतले अर्ज निसटू शकतात. ‘संपुष्टात’ अशी स्थिती दिसली तर कारण कळत नाही: अर्ज नाकारला, मालकाने सोडला, की नूतनीकरण राहिलं? तिन्हींचे अर्थ वेगळे. मालाचं वर्णन कित्येकदा मूळ भाषेतच असतं. नोंदणी नसलेली पण वर्षानुवर्षं वापरातली नावं, कंपन्यांची नावं, डोमेन, यातलं काहीही इथे सापडणार नाही. म्हणून महत्त्वाची प्रत्येक नोंद त्या देशाच्या मूळ रजिस्टरमध्ये उघडून ताडून बघितल्याशिवाय उत्तरात वापरू नये. युरोपीय कार्यालयाच्या पुढाकाराने चालणारं टीएमव्ह्यू हे असंच शोधाचं साधनही फुकट आहे आणि त्यात सामील कार्यालयांची यादी थोडी वेगळी आहे, दोन्ही वापरावीत. एकच निवडायचं तर चित्रशोधासाठी वायपो.

कागदावर बाजू भक्कम असणं आणि लढाई परवडणं यांत किती अंतर आहे ते चारबक्स प्रकरणातून समजतं. अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या ब्लॅक बेअर या कॉफी भाजणाऱ्या छोट्या व्यवसायावर, त्याच्या ‘चारबक्स’ नावाच्या कॉफीवरून, स्टारबक्सने २००१ मध्ये दावा लावला. फोनवरून ६०० जणांची पाहणी झाली: चारबक्स ऐकून ३०.५ टक्के लोकांना स्टारबक्स आठवलं, पण ही कॉफी स्टारबक्सची असेल असं फक्त ३.१ टक्के म्हणाले. शेवटचा निकाल छोट्या व्यवसायाच्या बाजूने लागला तो २०१३ मध्ये. क्वालालंपूरच्या मॅककरी रेस्टॉरंटवर मॅकडोनाल्ड्सने २००१ मध्ये लावलेला दावाही २००९ पर्यंत चालला. मध्ये २००६ ला मॅकडोनाल्ड्सचा विजय झाला होता, अपिलात तो उलटला. दोन्ही छोटे व्यवसाय जिंकले, पण इतकी वर्षं वकिलाची फी कोण भरू शकतो? ही दडपणाची पद्धत सर्रास यासाठीच चालते की दुबळ्या दाव्यालाही घाबरून माघार घेतली जाते. हे अन्यायाचं आहे, आणि कायद्यांनी ते थोडंफार ओळखलंही आहे. ब्रिटनमध्ये २०१७ च्या कायद्याने आणि भारतात ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४२ ने निराधार धमकीविरुद्ध काही अटींवर दाद मागता येते. नोटिशीला उत्तर देणाऱ्या वकिलाला हे कलम लागू होईल का, हे जरूर विचारावं.

नोंदणीसाठी केलेला स्वतःचा अर्ज हरकतींसाठी प्रसिद्ध झाल्यावरचा काळ सर्वात नाजूक असतो. हरकतीची मुदत अमेरिकेत ३० दिवस आहे आणि मागून घेतली तर प्रसिद्धीपासून १८० दिवसांपर्यंत वाढते. युरोपीय संघात ती तीन महिने, भारतात चार महिने. या काळात पाट्या, छापील खोकी यांच्या मोठ्या ऑर्डरी देऊ नयेत. हरकत आलीच तर मालाचं वर्णन आखडून घेण्याची तयारी ठेवा. ‘सर्व प्रकारचे कपडे’ याऐवजी ‘सुती एप्रन’ एवढंच मागितलं तर अनेक हरकती वाटाघाटीत मिटतात. तडजोडीच्या करारात देश, माल, लिपी आणि लोगोचा नेमका नमुना लिहून घ्या. ‘यापुढे सारखं दिसणारं काहीही वापरणार नाही’ असं सैल वाक्य मात्र अजिबात स्वीकारू नका, पुढची नोटीस त्याच वाक्यावर येते.

शोधाचा प्रत्येक निकाल तारीख दिसेल असा जतन करा आणि शोधलेले शब्द व लावलेले फिल्टर शेजारी लिहून ठेवा. चिन्ह मुद्दाम उचलल्याचा आरोप झाला तर नाव निवडण्याआधीची ही टिपणं उपयोगी पडतात. त्यांच्या सोबत पहिलं बिल, पहिली जाहिरात, पॅकिंगच्या छपाईचं बिल आणि डोमेन घेतल्याची पावती एका फाइलमध्ये लावा, जुन्यापासून नव्याकडे. वकिलाच्या पहिल्या भेटीला ही फाइल आणि नोंदींचा तक्ता बरोबर न्या.