उचलायचं की ढकलायचं? फिरतं पेलेट ग्रिल निवडताना

मजबूतही हवं आणि सहज हलवताही यावं, ही मागणी पेलेट ग्रिलच्या बाबतीत पुरी करणं अवघड आहे. जाड पत्र्याचं ग्रिल उष्णता धरून ठेवतं, वाऱ्यात तापमान पडू देत नाही आणि त्याचं झाकण चार-पाच वर्षांनीही नीट बसतं. पण गाडीच्या डिकीत चढवताना तोच जाड पत्रा कमरेला जाणवतो. म्हणून अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी कोणी मला विचारलं, की मी ब्रँडची चर्चा बाजूला ठेवून आधी एवढंच विचारते: तुम्हाला ग्रिल उचलायचं आहे की ढकलायचं? मंडळाच्या सहलीला, समुद्रकिनाऱ्यावर किंवा कॅम्पिंगला न्यायचं असेल तर ते उचलावं लागणार. गराजमधून मागच्या अंगणात आणायचं आणि रात्री परत आत ठेवायचं असेल तर ते ढकलायचं. या दोन कामांची यंत्रं वेगळी आहेत.

ज्यांनी हे ग्रिल अजून वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या बारीक कांड्या, म्हणजे पेलेट्स, एका पेटीत (हॉपरमध्ये) भरायचे. मोटरवर फिरणारं मळसूत्र ते थोडे थोडे पुढे ढकलतं, विजेची तापणारी कांडी त्यांना पेटवते, पंखा हवा देतो आणि कंट्रोलर तापमान सांभाळतो. ही कल्पना ओरेगॉनमधल्या जो ट्रेगर यांची, १९८० च्या दशकातली. त्यांच्या पेटंटची मुदत २००६ साली संपली आणि मग इतर कंपन्या बाजारात उतरल्या. खरेदीच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की वीज नसेल तर हे यंत्र चालत नाही. कोळशाच्या शेगडीला काडेपेटी पुरते, याला प्लग किंवा बॅटरी लागते.

उचलून न्यायची ग्रिलं

या गटात तीन नावं पुन्हा पुन्हा समोर येतात: ट्रेगरचं रेंजर, ट्रेगरचंच टेलगेटर आणि ग्रीन माउंटन ग्रिल्सचं छोटं मॉडेल. हे तिसरं पूर्वी डेव्ही क्रॉकेट नावाने मिळायचं, आता ट्रेक नावाने मिळतं. तिघांचं वजन साधारण ६० पौंडांच्या, म्हणजे २७ किलोंच्या आसपास आहे. फरक त्या वजनाच्या मांडणीत आहे.

रेंजर ही टेबलावर ठेवायची चौकोनी पेटी आहे. तिला पाय नाहीत, आणि मजबुतीच्या दृष्टीने हाच तिचा मोठा गुण. दुमडणारा सांधाच नाही, त्यामुळे तो सैल पडण्याचा प्रश्न येत नाही. झाकणाला खटका आहे, गाडीत ते आपोआप उघडत नाही. सोबत बिडाचा तवा येतो. शिजवायची जागा मात्र १८४ चौरस इंचच. चौघांच्या घराला ती पुरते, पंधरा माणसांच्या सहलीत तीन-चार घाणे काढावे लागतात. शिवाय पोहोचल्यावर भक्कम टेबल लागतं. घडीच्या हलक्या टेबलावर तापलेलं २७ किलोंचं ग्रिल ठेवू नका, विशेषतः आसपास लहान मुलं पळत असतील तर. पार्कातलं सिमेंटचं टेबल उत्तम.

टेलगेटरची जागा ३०० चौरस इंच आहे आणि वजन जवळजवळ तेवढंच, ६२ पौंड. म्हणजे तेवढ्याच लोखंडात मोठं पिंप केलेलं आहे. त्याला दुमडणारे पाय आहेत, त्यामुळे टेबल शोधावं लागत नाही. दोन अख्ख्या कोंबड्या शेजारी शेजारी मावतात. पण त्याचा लांबट आकार एकट्याने उचलायला अडचणीचा आहे आणि हिरवळीवर पाय नीट रोवून घ्यावे लागतात. दोन माणसं कायम सोबत असतील तर याच्याइतकी जागा या वजनात दुसरीकडे सहज मिळत नाही.

ट्रेकची जागा २१९ चौरस इंच. यालाही दुमडणारे पाय आहेत आणि ते दुमडले की उचलायला मुठी होतात, ही मांडणी मला फार आवडते. त्याचं खरं वेगळेपण विजेत आहे. ते १२ व्होल्टवर चालतं, म्हणजे गाडीच्या बॅटरीला थेट जोडता येतं. घरच्या प्लगवर चालवायचं तर सोबतचा अडॅप्टर लावायचा. वाय-फाय आहे, त्यामुळे गप्पा मारता मारता फोनवर तापमान बघता येतं. रेंजर आणि टेलगेटरमध्ये ही सोय नाही. कमाल तापमान कंपनी ५५० अंश फॅरनहाइट सांगते, ट्रेगरच्या दोन्ही छोट्या ग्रिलांचं ४५०. पत्र्याच्या भक्कमपणात मात्र मी रेंजरला वर ठेवीन. थंडीवाऱ्यात ट्रेक जास्त पेलेट्स खातं, आणि पाय हा त्याचा नाजूक भाग आहे.

वीज कुठून येणार?

पार्कात प्लग असेलच असं धरून चालू नका. पेटताना तापणाऱ्या कांडीमुळे हे ग्रिल साधारण ३०० वॉट ओढतं, पण फक्त पहिली काही मिनिटं. पुढे पंखा आणि मळसूत्र मिळून ५० वॉटच्या आसपास पुरतात. म्हणजे ३०० वॉट-तासांची छोटी पॉवर स्टेशन बॅटरी घेतली, तर पेटवण्याचा खर्च आणि थोडी गळती धरूनही चारेक तासांचा स्वयंपाक होतो. बॅटरी घेताना मात्र ती एका वेळी ३०० वॉटहून अधिक देऊ शकते ना, हे बघून घ्या. कमी ताकदीची असली तर ग्रिल पेटण्याच्या क्षणीच ती बंद पडेल.

रेंजर किंवा टेलगेटर घ्यायचं तर या बॅटरीची किंमत हिशोबात आजच धरा. ट्रेक घेतलं तर गाडी जवळ लावण्यावर भागतं. फक्त गाडी लांब असेल आणि ग्रिल झाडाखाली, तर वायर कुठवर पोहोचते ते आधी बघायला हवं.

ढकलायची ग्रिलं

घरच्या अंगणापुरतं हवं असेल तर ६० पौंडांचं ग्रिल घेऊन जागेत कंजुषी करण्यात अर्थ नाही. ट्रेगर प्रो ५७५ हे इथलं ठरलेलं उदाहरण: ५७५ चौरस इंच जागा, १८ पौंडांचं हॉपर, ५०० अंशांपर्यंत तापमान आणि वजन १२४ पौंड, म्हणजे ५६ किलो. त्याच्या एका बाजूला चाकं आहेत, म्हणजे दुसरी बाजू उचलून हातगाडीसारखं ओढायचं. सिमेंटवर हे काम कोणालाही जमतं. गवतावर आणि खडीवर जोर लागतो. उंबरठ्याची एक पायरी असेल तर फळी टाकावी लागते.

दुकानात उभं असताना अशा ग्रिलची परीक्षा पाच मिनिटांत होते. मी झाकण उघडून त्याचे दोन्ही कोपरे हलवून बघते. बिजागरीत खेळ असेल तर वर्षभरात धूर बाजूने निघू लागतो. मग मूठ धरून ग्रिल थोडं उचलायचं आणि पायांचे बोल्ट कुरकुरतात का ते ऐकायचं. चाकांमधून आरपार जाणारा लोखंडी दांडा असावा. प्लास्टिकच्या कडेला नुसती अडकवलेली छोटी चाकं फरशीपुरतीच ठीक, मातीत ती वाकडी होतात. हॉपरचं झाकण घट्ट बसतं का हेही बघाच, कारण ओले पेलेट्स फुगून भुसा होतात आणि मळसूत्रात अडकून सिमेंटसारखे बसतात. माझ्या पाहण्यात पेलेट ग्रिल बंद पडण्याचं हेच मोठं कारण आहे.

उचलणं आणि ढकलणं यांच्या मधलं एक ग्रिल आहे, रेकटेकचं ट्रेलब्लेझर. ३४० चौरस इंच जागा, स्टेनलेस स्टीलचा भरपूर वापर, दुमडणारे पाय आणि त्यांनाच चाकं. पाय दुमडून ते गाडीत आडवं ठेवता येतं. पण वजन शंभर पौंडांच्या वर असल्याने चढवायला दोन धडधाकट माणसं हवीत. किनाऱ्याजवळ, खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. रंग दिलेला पत्रा तिथे ओरखड्यापासून गंजायला लागतो. किंमत साहजिकच चढी आहे.

निंजा वुडफायर: हे पेलेट ग्रिल आहे का?

निंजा वुडफायरचं मूळ मॉडेल जेमतेम ३० पौंडांचं, म्हणजे बाकीच्यांच्या निम्म्या वजनाचं आहे. त्यात पेलेट्स जातात, पण मूठभर आणि फक्त धुरासाठी. तापवण्याचं काम विजेची कॉइल करते. त्यामुळे ते १७६० वॉट ओढतं आणि वर सांगितलेल्या छोट्या बॅटरीवर अजिबात चालत नाही. प्लग असलेल्या अंगणात मात्र ते झटपट आहे, साफ करायला सोपं आहे, आणि आजी-आजोबासुद्धा ते एका जागेवरून दुसरीकडे नेऊ शकतात. १४१ चौरस इंचांत दोघा-तिघांचं जेवण होतं. चव धुरकट येते, पण सहा तास मंद आचेवर ठेवलेल्या मांसाला खऱ्या पेलेट ग्रिलमध्ये जी खोल चव येते, ती इथे नाही. वजन हीच तुमची मुख्य अडचण असेल तर हे आनंदाने घ्या.

आपल्या स्वयंपाकात काय जमतं

अमेरिकी जाहिराती ब्रिस्केट (गोमांसाचा छातीचा भाग) आणि रिब्ज (बरगड्या) यांच्या असतात. आपल्या घरात ग्रिलवर टिक्का, पनीर, कणसं, सुरमईसारखा मासा, भरीताची वांगी असं सगळं जातं. इथे तापमानाचा आकडा फार महत्त्वाचा ठरतो. तंदूर ९०० अंश फॅरनहाइटपर्यंत तापतो आणि ही छोटी ग्रिलं त्याच्या निम्म्यावर किंवा थोडं पुढे जाऊन थांबतात. शिवाय आच थेट लागत नाही, मधे पत्रा असतो. म्हणून तंदुरी चिकन रसाळ होतं, पण कडा करपत नाहीत. उपाय सोपा आहे: ३५० अंशांवर आतून पूर्ण शिजू द्यायचं, आत १६५ अंश भरले की काढायचं आणि शेवटची दोन-तीन मिनिटं कडक तापलेल्या बिडाच्या तव्यावर परतायचं. रेंजरसोबत येणारा तवा यासाठीच कामाचा आहे.

वांग्याचं सांगायचं तर जाळावर साल काळी पडते तसं इथे होत नाही. पण चिरा देऊन, तेलाचा हात लावून तासभर ठेवलेल्या वांग्यात धूर आतपर्यंत मुरतो, आणि ते भरीत मला गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरीतापेक्षा सरस वाटतं. पनीरला हिकरी या अमेरिकी झाडाच्या लाकडाचा उग्र धूर सोसत नाही, सफरचंद किंवा चेरीच्या लाकडाचे पेलेट्स घ्या. ज्या घरांत शाकाहारी आणि मांसाहारी वेगळं शिजतं, त्यांनी १८४ चौरस इंचांत दोन्हींची सोय होईल अशी आशा धरू नये. तिथे टेलगेटर किंवा प्रो ५७५ हवं, किंवा शाकाहारी आधी आणि मांसाहारी नंतर असा क्रम ठरवून टाका. जाळी दुसरी विकत घेऊन ठेवलीत तर पाहुण्यांनाही संकोच राहत नाही.

परत निघताना

पोर्टेबल म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्रिलांबद्दल एक गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतात. जेवण झालं की लगेच ते उचलता येत नाही. आधी बंद करण्याचा क्रम पूर्ण होऊ द्यावा लागतो, पंखा दहा-पंधरा मिनिटं फिरून उरलेले पेलेट्स जाळून टाकतो. मधेच प्लग काढला तर आच मळसूत्रातून मागे हॉपरकडे सरकू शकते. त्यानंतर पत्रा गार व्हायला आणखी बराच वेळ जातो. निघायच्या वेळेआधी तासभर ग्रिल बंद करायचं, हे वेळापत्रकात धरा. शिजताना टपकलेलं तेल जमा होतं ती बादली रिकामी करा, राख पूर्ण थंड झाल्यावरच काढा.

नियमांचंही बघायला हवं. अमेरिकेतल्या अनेक शहरांत अपार्टमेंटच्या लाकडी बाल्कनीत किंवा इमारतीपासून दहा फुटांच्या आत जाळ होणारी ग्रिलं चालत नाहीत, आणि पेलेट ग्रिल त्यात येतं. निंजा विजेवर तापत असलं तरी आत लाकूड जळतं, म्हणून घरमालकाची लेखी परवानगी घ्या. पश्चिमेकडच्या राज्यांत वणव्याच्या दिवसांत कॅम्पसाइटवर बऱ्याचदा बंद करायची कळ असलेली गॅसची शेगडी चालते, पण लाकूड आणि कोळसा चालत नाही. पेलेट्स लाकडातच मोजले जातात. तुमची कॅम्पिंग मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये कॅलिफोर्निया किंवा कोलोरॅडोच्या डोंगरांत होत असेल, तर त्यासाठी यातलं कुठलंच ग्रिल मी सुचवणार नाही. तिथे गॅसचीच शेगडी बरी.

न्यू जर्सी किंवा इलिनॉयमध्ये राहून वर्षातून पाच-सहा वेळा पार्कात जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला मी ट्रेक सुचवीन, कारण विजेचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. बरीच वर्षं टिकणारं, छोटं आणि घट्ट यंत्र हवं असेल तर रेंजर. जुनं विकत घेणार असाल तर ते समोर पेटवून दाखवायला सांगा. दहा मिनिटांत धूर पातळ होऊन तापमान स्थिर चढत गेलं पाहिजे. मळसूत्र अडखळत असेल, जिथे पेलेट्स जळतात ते भांडं तळाशी झिजून भोक पडायला आलेलं असेल, किंवा हॉपरच्या कोपऱ्यात भुशाचा थर चिकटलेला दिसला, तर किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नका.