याकच्या चीजच्या नावाखाली चामडं! ७,८५० ला चुना

"१०० टक्के याकच्या दुधाचं, रॉहाइड अजिबात नाही" असं छापलेलं च्यूचं, म्हणजे चघळायच्या कांड्यांचं पाकीट आमच्या कुत्रीसाठी ऑनलाइन मागवलं, ३,१५० आगाऊ भरले आणि आलं ते चक्क रॉहाइड, म्हणजे वाळवलेलं कच्चं चामडं. वर डॉक्टरांकडे ४,७०० गेले.

डोक्यात जातं ते हे, की फोटोत सगळं दिसत होतं. एका कांडीचं टोक उलगडलेलं, आत थरावर थर. अहो दूध फाडून, दाबून, वाळवून केलेलं चीज, त्याची गुंडाळी होईलच कशी? तो फोटो मी झूम करून बघितला होता! पण मला सांगा, रात्री साडेअकराला "ऑफर १२ ला संपणार" म्हणून घड्याळ पळतंय, रिव्ह्यू सगळे गोडगोड, वर दातांसाठी मान्यता असल्याचा गोल शिक्का, कोण कांडीचं टोक तपासत बसतं? आणि मी काही स्वस्तातलं शोधत नव्हते, तिच्या पोटाला त्रास नको म्हणूनच महागातलं घेतलं ना. (शिक्का व्हीओएचसीचा, म्हणजे कुत्र्या-मांजरांच्या दातांसाठीच्या उत्पादनांना मान्यता देणाऱ्या संस्थेचा असेल तर त्यांच्या साइटवर यादी असते, त्यात नाव शोधा. मी नंतर शोधलं, नव्हतं.)

आमची कुत्री लॅब्रेडॉर, म्हणजे चावणं कमी आणि गिळणं जास्त. कांडी पांढरी, लिबलिबीत झाली आणि उरलेला बोटभर तुकडा तिने गिळला. उलट्या, एक्स-रे, सगळं झालं, नशीब की तो उलटीतूनच बाहेर पडला. डॉक्टर म्हणाले हे रॉहाइड, पोटात नीट पचत नाही, फुगतं, आतड्यात अडकलं तर ऑपरेशन. दुसरी कांडी रात्रभर कोमट पाण्यात टाकून ठेवली, सकाळी पूर्ण उलगडलेली. शंका आली तर हे आधी करा.

विक्रेता म्हणे फोडलेलं पाकीट परत घेत नाही, मग ब्लॉक. बँक म्हणे पैसे तुम्हीच पाठवलेत, म्हणजे हा फ्रॉड नाही. पेमेंट अ‍ॅपने तर तक्रार "निवारण झाले" लिहून बंद केली, कुणाचं निवारण? अन्नाचं बघणाऱ्या खात्यात फोन केला तर माणसांच्या खाण्याचं असेल तरच बोला. पोलीस चौकीत साहेब हसले, "कुत्र्याच्या खाऊसाठी आलात?" अहो ७,८५० कुत्र्याने नाही भरले, मी भरलेत! अर्ज घेतला पण पोच नाही दिली. पोच मागितल्याशिवाय कुठूनही उठू नका.

पाकिटावर बनवणाऱ्याचा पत्ता आणि बॅच नंबर नसेल तर हात लावू नका, आणि फोडताना व्हिडिओ काढा. खरं याक चीज मिळालं तरी सांभाळून, ते इतकं कडक असतं की दाढेचा टवका उडू शकतो, नख रुतत नसेल तर देऊ नका. शेवटचा तुकडा काढून घ्यायचा, कुठलंही च्यू असो. आणि खाऊ दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांपर्यंतच.

काल नव्या नंबरवरून त्याच विक्रेत्याचा मेसेज, "मॅडम रिव्ह्यू काढा, १,००० परत करतो." रिव्ह्यूमध्ये हा मेसेजपण चिकटवलाय आता.