खुर्चीतल्या व्यायामापायी गेलेले २८,०७५ रुपये

माझ्या आईला, वय ७४, हार्ट फेल्युअर आहे. टूडी एकोत हृदयाचे पंपिंग ३० टक्के आले. चार पावले चालली तरी तिला दम लागतो, म्हणून बसल्या जागी करता येईल असा व्यायाम मी शोधत होतो आणि मोबाइलवर नेमकी तशीच जाहिरात आली. पुढचा क्रम वाचकांना ओळखीचा असेल. आधी ४९९ रुपयांचे ‘तपासणी सत्र’, मग बारा आठवड्यांचे १४,५०० चे पॅकेज, नंतर छातीला बांधायच्या पट्ट्याची ‘परत मिळणारी’ अनामत ९,८००, आणि पट्टा कुरिअरमध्ये अडकला म्हणून ३,२७६. पट्टा आला नाही आणि त्यानंतर फोनही बंद झाला.

पैशांपेक्षा मला पहिले सत्र जास्त डाचते. व्हिडिओ कॉलवरच्या पांढऱ्या कोटातल्या माणसाने आईला श्वास रोखून पाय जमिनीवर दाबायला लावले आणि वर सांगितले, “आजी, रोज चार लिटर पाणी प्यायचं.” आमच्या ओट्यावर एक बाटली असते. आईला चहा-आमटी धरून दिवसाला दीड लिटरची मर्यादा डॉक्टरांनी घातली आहे, म्हणून त्या बाटलीवर मी स्वतः मार्करने रेघा मारल्या आहेत. आईने आधी माझ्याकडे पाहिले, मग त्या बाटलीकडे, आणि मी तिला नजरेनेच गप्प केले. वजन किती, पायांवर सूज आहे का, लघवीची गोळी चालू आहे का, यांतले काहीही न विचारणाऱ्या त्या माणसाला मी तासाभराने साडेचौदा हजार पाठवले.

मी ३१ वर्षे हिशेब तपासण्याची नोकरी केली आहे. मला कोणी भोळा समजू नये. आई रात्री उशा रचून बसून झोपत होती, रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टची वेळ तीन आठवड्यांनंतरची होती, आणि त्या माणसाने प्रमाणपत्र दाखवले होते. (ते मी वाचले नाही. चष्मा आतल्या खोलीत होता.) प्रमाणपत्र पाहू नका, नोंदणी क्रमांक मागा आणि तो स्वतः पडताळा.

पैसे गेल्याचे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी त्या बंद नंबरवरच दीड दिवस फोन लावत बसलो. पोलीस ठाण्यात सांगितले, सायबरकडे जा. सायबरवाल्यांनी सांगितले, रक्कम लहान आहे, ऑनलाइन तक्रार टाका. आणि बँकेतल्या साहेबांनी, पिन तुम्हीच टाकलात तेव्हा परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांचे २०१७ चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक तुम्हाला लागू नाही, हे मला समोर उभे ठेवूनच ऐकवले. ग्राहक हेल्पलाइनला कंपनीचा पत्ता हवा होता. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का?

तीन आठवड्यांनी खऱ्या फिजिओथेरपिस्टने वीस रुपयांच्या केसपेपरवर सगळे शिकवले: चाके नसलेल्या भक्कम खुर्चीत टेकून बसायचे, घोटे वरखाली करायचे, एकेक गुडघा सरळ करायचा, आणि आकडे मोठ्याने मोजायचे, म्हणजे श्वास रोखला जात नाही. बोलता येईनासे झाले की थांबायचे. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर व्यायाम बंद आणि आधी डॉक्टरांना फोन.

मंगळवारी पुन्हा ठाण्यात बोलावले आहे. येताना बँकेच्या शिक्क्याचा खातेउतारा आणायला सांगितला आहे, आणि बँक म्हणते, शिक्का हवा असेल तर ठाण्याचे पत्र आणा.