फ्लोरोसिसचे डाग कोणत्या प्रकाशात पाहावेत?

फ्लोरोसिस (दात घडताना जास्त फ्लोराइड गेल्याने इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर, पडणारे डाग) ओळखण्यासाठी कोणतं उपकरण घ्यावं हे ठरवण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी: प्रकाशाला फ्लोराइड दिसत नाही, इनॅमलचा सच्छिद्रपणा दिसतो. निरोगी इनॅमलचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचा आकडा) सुमारे १.६२ असतो, आणि छिद्रांतल्या पदार्थाशी त्याचा फरक जितका मोठा तितका प्रकाश जास्त विखुरतो. छिद्रांत पाणी (१.३३) असेल तर प्रकाश थोडा विखुरतो, हवा (१.०) असेल तर बराच. ओल्या दातावर न दिसणारा डाग वाळवल्यावर उठून दिसतो तो यामुळेच. फ्लोरोसिसची तीव्रता नोंदवण्याच्या दोन पद्धतींपैकी डीन निर्देशांकात दात वाळवत नाहीत, थिलस्ट्रप-फेजरस्कोव्ह निर्देशांकात वाळवून पाहतात. त्यामुळे दोन्हींच्या नोंदी एकमेकींशी ताडू नयेत.

सर्वात उपयोगी, आणि तुलनेने स्वस्त, म्हणजे क्रॉस-पोलराइज्ड छायाचित्र. फ्लॅशवर एक आणि लेन्सवर एक असे पोलरायझिंग फिल्टर परस्परांना काटकोनात बसवतात. दाताच्या पृष्ठभागावरची चमक अडते, आतून विखरून आलेला प्रकाश तेवढा पोहोचतो. ढगासारखे पसरट पांढरे चट्टे आणि त्यांच्या अस्पष्ट कडा यात स्वच्छ दिसतात. फिल्टर बराच प्रकाश खातात, म्हणून फ्लॅशची ताकद वाढवावी लागते. ओठ रिट्रॅक्टरने बाजूला करून पहिला फोटो लगेच घ्यावा, कारण तोंड उघडं राहिलं की दात वाळतो आणि डाग वाढल्यासारखा भासतो. एक साधा फोटोही हवाच. चमक गेल्याने पृष्ठभागावरचे बारीक खड्डे क्रॉस-पोलराइज्ड फोटोत हरवतात, आणि तीव्र फ्लोरोसिसमध्ये खड्डेच महत्त्वाचे.

क्यूएलएफ (क्वांटिटेटिव्ह लाइट-इन्ड्यूस्ड फ्लुरोसन्स), म्हणजे प्रकाश पडल्यावर दात स्वतः जो उजेड देतो त्या फ्लुरोसन्सचं मोजमाप, बहुतेक उपकरणांत सुमारे ४०५ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशावर चालतं. निरोगी दात हिरवट उजळतो, सच्छिद्र भाग काळपट दिसतो. खोलीत अंधार हवा. आकडा मिळतो हा याचा मोठा फायदा, पण फ्लोरोसिसमध्ये तिथेच घोळ होतो. सॉफ्टवेअर डागाची तुलना शेजारच्या निरोगी इनॅमलशी करतं. किडीच्या सुरुवातीच्या डागाभोवती ते असतं. फ्लोरोसिस मात्र बहुधा पूर्ण पृष्ठभागावर पसरलेला असतो, तुलनेला निरोगी कडाच उरत नाही आणि नुकसान प्रत्यक्षापेक्षा कमी मोजलं जातं. तपकिरी रंगही प्रकाश शोषून काळाच दिसतो, त्यामुळे त्या जागी खनिज किती कमी झालं ते वेगळं काढता येत नाही. एकाच रुग्णात उपचाराआधी आणि नंतर तुलना करायची असेल तर क्यूएलएफ घ्यावं. केवळ निदानासाठी घेऊ नये.

६५५ नॅनोमीटरचा लेसर पेन ० ते ९९ असा आकडा देतो, पण तो मुख्यतः जिवाणूंच्या पोर्फिरिनचा (त्यांनी बनवलेल्या रंगद्रव्याचा) लाल फ्लुरोसन्स पकडतो. तो किडीसाठी बनलेला आहे. डाग, टार्टर किंवा उरलेली पॉलिशिंग पेस्ट यांनीही आकडा चढतो. फ्लोरोसिससाठी तो टाळावा.

पारप्रकाशनाला, म्हणजे दाताच्या मागून तीव्र पांढरा प्रकाश टाकून पाहण्याला, फारसा खर्च नाही. खुर्चीवरचा दिवा बंद करून टाळूच्या बाजूने प्रकाश द्यायचा. उथळ डाग जवळजवळ नाहीसा होतो, खोल डाग गडद सावलीसारखा उरतो. रेझिन इन्फिल्ट्रेशन (सच्छिद्र भागात पातळ रेझिन मुरवून डाग झाकणं) करायचं का, हे ठरवताना याची मदत होते. पटाशीच्या दातांवर हे उत्तम चालतं, जाड दाढांवर नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने क्रॉस-पोलराइज्ड छायाचित्र आणि पारप्रकाशन ही जोडी घ्यावी. मात्र कारण कोणतं हे दोन्हीतून कळत नाही. फ्लोरोसिस दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखा आणि पसरट असतो. एमआयएचचे (मोलर-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन, म्हणजे इनॅमल घडताना खनिज कमी राहण्याचा दोष) डाग ठळक कडांचे, पहिल्या कायम दाढांवर आणि पटाशीच्या दातांवर. किडीचे डाग हिरड्यांलगत, प्लाक साचतो तिथे. ही मांडणी डोळ्यांनी पाहावी, आणि दात घडत होते त्या वयात मूल कुठलं पाणी प्यायलं ते पालकांना विचारून नोंदवावं.