बॉयलरचा ऑक्सिजन ट्रान्समीटर: तीन गळीत हंगाम वापरून झाल्यावर लिहितोय

मी साखर कारखान्याच्या को-जनला (वाफ आणि वीज करणारा विभाग) इन्स्ट्रुमेंटेशन बघतो, कोल्हापूर भागात. बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणारा बॉयलर आहे, ट्रॅव्हलिंग ग्रेटचा, म्हणजे सरकत्या जाळीचा. तीन हंगामांपूर्वी आम्ही इकॉनॉमायझरनंतरच्या (धुरावर बॉयलरचं पाणी तापवणारा भाग) डक्टला झिर्कोनिया सेलचा ऑक्सिजन प्रोब, म्हणजे धुरात उरलेला ऑक्सिजन मोजणारी नळी, आणि ते रीडिंग कंट्रोल रूमला पाठवणारा ट्रान्समीटर नवीन बसवला, केबल वगैरे धरून सगळं मिळून अडीच लाखांच्या आसपास गेलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण खाली थोडी तक्रार पण आहे आणि या प्रकारचे प्रोब आतून बरेचसे सारखेच असतात, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा घेतलात तरी यातलं बरंचसं तुमच्या उपयोगी पडेल.

पाचपैकी चार देतो. अर्धा डिस्प्लेसाठी कापला, अर्धा सर्व्हिससाठी. मोजण्याबद्दल एक पैशाची तक्रार नाही.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो, कारण आमच्याकडे पण चार वर्षं काम केलेली पोरं याला नुसतं 'ओटू मीटर' म्हणतात आणि आत काय चाललंय ते माहीत नसतं. प्रोबच्या टोकाला झिर्कोनिया सिरॅमिकचा छोटा सेल असतो, दोन्ही बाजूंना प्लॅटिनम लावलेलं. हीटरने तो ७५० डिग्रीला तापवून ठेवतात, तेवढ्या तापमानाला त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकायला लागतात. एका बाजूला फ्ल्यू गॅस (बॉयलरचा धूर), दुसऱ्या बाजूला साधी स्वच्छ हवा, दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये किती पटीचा फरक आहे त्यावर मिलिव्होल्ट ठरतात. म्हणजे दोन्हीकडे हवाच असेल तर शून्य, आणि गॅसमधला ऑक्सिजन कमी होत गेला की मिलिव्होल्ट वाढत जातात, १ टक्क्याला ६७ च्या आसपास. हे उलटं आहे हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर मल्टीमीटर लावून बसतो आणि बघता बघता सेलच खराब ठरवून मोकळा होतो. हे गणित नेर्न्स्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचं, १९२० चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेला माणूस, आणि याच झिर्कोनियाचा त्याने १८९७ साली दिवा केला होता. मला हे वाचून फार भारी वाटलं होतं, ज्या मातीतून त्याने उजेड काढला तिच्यावरच आज आम्ही बॉयलरची हवा सेट करतोय.

आता बसवल्यावरची पहिली अडचण. डीसीएसवर (कंट्रोल रूमची कॉम्प्युटर सिस्टीम) ऑक्सिजन २ टक्के दिसायला लागला आणि बॉयलरवाले एफडीची (भट्टीत हवा ढकलणारा पंखा) हवा वाढवतायत वाढवतायत, फर्नेस एकदम पांढरी झाली, तरी आकडा काय वर यायला तयार नाही. ट्रान्समीटरच्या डिस्प्लेवर जाऊन बघितलं तर तिथे ५. कंपनीकडूनच तो ० ते २५ टक्के रेंज लावून आला होता आणि आमच्या डीसीएसमध्ये ० ते १०. सिग्नल ४ ते २० मिलिअँपचा असतो, पाच टक्क्याला तो बिचारा बरोबर ७.२ मिलिअँप देत होता आणि डीसीएस ७.२ ला २ समजत होता. म्हणून सांगतो, चालू करायच्या आधी ट्रान्समीटरच्या मेनूतून लूप टेस्ट करा, ४, १२, २० मिलिअँप तिन्ही द्या आणि डीसीएसवर माणूस उभा करून आकडे वाचून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. आम्ही ते केलं नव्हतं आणि अर्धी शिफ्ट हवा जास्त जाऊन बगॅस जळत राहिला.

पॉवर दिली की लगेच रीडिंग मागू नका. हीटर तापायला आमच्याकडे वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तोपर्यंत तो वॉर्म-अप दाखवतो. तापमान वर जात नसेल तर थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) के टाईपचा आहे, ७५० डिग्रीला ३१ मिलिव्होल्टच्या थोडं वर यायला पाहिजेत, टर्मिनल जेवढं गरम असेल त्याचे एक-दीड कमी धरून, ते टर्मिनलवर मोजलं की हीटर गेलाय का थर्मोकपल ते लगेच कळतं.

कॅलिब्रेशन. हा भाग कंपनीने खरंच चांगला केलाय. मेनूत गेलं की तो स्वतः एक एक पायरी विचारतो, आता झिरो गॅस (कमी ऑक्सिजनचा) सोडा, आता स्पॅन गॅस (जास्त ऑक्सिजनचा) सोडा. झिरो गॅस म्हणजे नुसता नायट्रोजन नाही हं, ही चूक खूप ठिकाणी बघितलीय, ऑक्सिजन शून्य झाला की त्या गणिताला उत्तरच राहत नाही. आम्ही १ टक्का ऑक्सिजन आणि बाकी नायट्रोजनचं सर्टिफिकेटवालं सिलिंडर ठेवतो आणि स्पॅनला इन्स्ट्रुमेंट एअर, म्हणजे २०.९५ टक्के. फ्लो मॅन्युअलमध्ये मिनिटाला ६०० मिली दिलाय, रोटामीटरवर तेवढाच धरायचा, जास्त सोडला की सेल गार होतो आणि रीडिंग हलायला लागतं. आणि सगळ्यात आधी कंट्रोल रूमला फोन करून ऑक्सिजनचा लूप (रीडिंग बघून हवा आपोआप कमी-जास्त करणारं कंट्रोल) मॅन्युअलला टाकायला सांगायचा आणि ट्रान्समीटरचं आउटपुट होल्ड करायचं. तुम्ही वर डक्टवर हवा सोडताय आणि खाली लूप ऑटोत राहिला तर डीसीएसला २१ टक्के दिसणार आणि तो एफडीची हवा कापत सुटणार, पुढे काय होईल ते सांगायला नको.

तसंच काहीसं आमच्याकडे दुसऱ्या हंगामात झालं आणि ते मी विसरू शकत नाही. रात्रपाळी होती. जानेवारी असेल, थंडी कडाक्याची, गाळप जोरात. दुपारी आमच्याच टीमने कॅलिब्रेशन केलं होतं आणि काम झाल्यावर टेस्ट गॅसच्या पोर्टची (कॅलिब्रेशनचा गॅस सोडायचं तोंड) टोपी परत घट्ट लावायची राहून गेली. डक्टमध्ये निगेटिव्ह ड्राफ्ट असतो, आयडी फॅन धूर बाहेर ओढत असतो, त्यामुळे त्या उघड्या पोर्टातून बाहेरची हवा सरळ सेलवर यायला लागली. रीडिंग ४ वरून ६, ६ वरून ९. लूप ऑटोत. डीसीएसला वाटलं हवा जास्त झाली, त्याने एफडी कमी केला. रीडिंग तरी खाली येईना, त्याने अजून कमी केला. कंट्रोल रूममधला पोरगा स्क्रीन बघून निवांत, ऑक्सिजन भरपूर आहे म्हणून. तेवढ्यात खालून आमचे फायरमन मामा वर आले, तीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस, म्हणाले, "आरं धुराड्याकडं बघ की जरा, काळं लोट निघाल्यात, आन् जाळ बघ कसा लाल झालाय, मीटर काय म्हणतोय ते ऱ्हाऊ दे." मी पीप होलमधून बघितलं. जाळ एरवी पिवळाधमक असतो, तो काळपट लाल, आळसावल्यासारखा वर लोळत होता. लूप मॅन्युअलला टाकला, हवा वाढवली, मग टॉर्च घेऊन डक्टवर चढलो. टोपी नळीला नुसती साखळीने लोंबत होती आणि पोर्टापाशी बोट नेलं तर गार हवा आत ओढली जाताना लागत होती. टोपी आवळली आणि एका मिनिटात रीडिंग २ च्या खाली आलं. खरं ते होतं.

त्या दिवसापासून कॅलिब्रेशनच्या रजिस्टरला एक रकाना वाढवलाय, टोपी कोणी लावली त्याची सही. आणि डीसीएसमध्ये एफडीला खालची मर्यादा घालून घेतलीय, ऑक्सिजनचा लूप त्याच्या खाली हवा नेऊच शकत नाही. ज्यांनी लूप ऑटोत ठेवलाय त्यांनी ही मर्यादा आजच्या आज घालून घ्या, हात जोडून सांगतो. गॅस किंवा तेलाचा बर्नर असेल तर अजून एक, ७५० डिग्रीचा सेल म्हणजे आत पेटती ठिणगी ठेवल्यासारखं आहे, ज्योत विझली की हीटरची पॉवर तुटेल असा इंटरलॉक पाहिजेच.

दुसरा घोळ ओल्या-सुक्याचा. एनर्जी ऑडिटला लोक आले होते, त्यांनी पोर्टेबल अॅनालायझर डक्टमध्ये घातला, त्यावर ५.६ आणि आमचा ४.२. चीफ इंजिनिअर साहेब म्हणाले तुमचा मीटर बाद. मी म्हटलं साहेब दोन्ही बरोबर आहेत. पोर्टेबलवाला गॅस ओढून गार करतो, पाणी काढून टाकतो आणि मग मोजतो. आमचा प्रोब डक्टमध्येच वाफेसकट मोजतो. बगॅसमध्ये निम्मं पाणीच असतं, त्यात बगॅसमधल्या हायड्रोजनचं जळून झालेलं पाणी, म्हणजे फ्ल्यू गॅसचा जवळजवळ चौथा हिस्सा वाफ असते. ५.६ चे तीन चतुर्थांश करा, ४.२. साहेबांनी कागदावर मांडून बघितलं आणि मग दोन्ही आकडे रिपोर्टात लिहायला लावले, एकापुढे ओला आणि एकापुढे सुका. कोळशाच्या बॉयलरला हा फरक कमी असतो त्यामुळे तिकडून आलेल्या लोकांना पटकन लक्षात येत नाही.

आता कौतुक. फीडर (भट्टीत बगॅस टाकणारा) चोक झाला की हा प्रोब सगळ्यात आधी बोंब मारतो. बगॅस पडायचा थांबला, हवा तेवढीच चालू, ऑक्सिजन झपकन वर जातो आणि स्टीमचं प्रेशर पडायला त्यानंतर वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणूस जाऊन फीडर मोकळा करतो. आमच्या बॉयलरवाल्यांना आधी या मीटरचा रागच होता, आता ट्रेंड स्क्रीनवर तोच पहिला उघडून ठेवतात. आधी आम्ही अंदाजाने ६-७ वर चालवायचो, आता ४ ते साडेचारवर. ऑक्सिजन भागिले (२१ वजा ऑक्सिजन) असं ढोबळ मांडलं, खरं हे सूत्र सुक्या आकड्याचं आहे, तर ६ ला जादा हवा ४० टक्के आणि ४ ला साधारण २४, ती मधली सगळी हवा आपण फुकट तापवून धुराड्यातून सोडत होतो. हंगाम संपताना यार्डात बगॅसचा ढीग जास्त उरला, ते सगळं श्रेय या एका मीटरला देणार नाही, पण वाटा आहे. एक मात्र ध्यानात ठेवा, प्रोब एकाच जागेचा गॅस बघतो. डक्ट रुंद आहे, पलीकडच्या बाजूचा फीडर अडकला तर आमच्या प्रोबला ते उशिरा आणि अर्धवट कळतं. पैसे असतील तर दोन घ्या. आणि एअर हीटरच्या (धुरावर हवा तापवणारा भाग) अलीकडे बसवा, पलीकडे नको, तिथे गळतीची हवा मिसळलेली असते.

राखेचं काय करायचं हा प्रश्न सगळे विचारतात. बगॅसच्या राखेत वाळू असते, ती प्रोबला घासून खाते, त्यामुळे पुढे डिफ्लेक्टर (राखेचा मारा अडवणारी आड) लावलेलाच घ्या. फिल्टर चोक झालाय हे ओळखायची आमची सोपी पद्धत, टेस्ट गॅस बंद केल्यावर रीडिंग परत पहिल्या जागी यायला किती सेकंद लागले ते दर वेळी रजिस्टरला लिहायचं. आकडा वाढत चालला की फिल्टर साफ करायचा. सेल म्हातारा झाल्यावर त्याचा रेझिस्टन्स वाढतो, ट्रान्समीटर तो पण दाखवतो, तोही लिहून ठेवा.

बंद करताना घाई नको. बॉयलर थांबला म्हणून लगेच पॉवर काढली तर आतल्या ओल्या गॅसचं पाणी आणि राख सेलवर बसते. डक्ट गार होऊन साफ हवा फिरेपर्यंत हीटर चालू ठेवायचा. पण याच्या उलटंही आमच्याकडे घडलंय, पहिल्या हंगामानंतर ट्यूब धुवायला बाहेरची माणसं आली, प्रोब आतच होता आणि चालू होता, पाण्याचा फवारा थेट तापलेल्या सेलवर. बाहेर काढून बघितलं तर सिरॅमिकला केसासारखी तडा, टॉर्च तिरकी धरल्यावरच दिसणारी. सेल गेला. तेव्हापासून धुण्याच्या परमिटवर प्रोब काढल्याची सही लागते.

त्याच वेळी सर्व्हिसचा अनुभव आला. नवा सेल मागवला तर दीड महिना लागला, फोनवर रोज वेगळा माणूस, रोज पहिल्यापासून सगळं सांगायचं. नशीब की ऑफ सीझन होता. जो इंजिनिअर शेवटी आला तो मात्र कामाला एक नंबर, आमच्या दोन पोरांना सेल कसा बदलायचा ते हातात देऊन शिकवून गेला. आणि डिस्प्ले, दुपारच्या उन्हात काही म्हणजे काही दिसत नाही, एक हात कपाळावर आणि एक हात बटणावर धरून मेनू फिरवायचा. आम्ही वर पत्र्याचं छप्पर करून घेतलं, तुम्ही बसवतानाच करून घ्या, पावसापासूनही वाचतो.

ऑर्डर देताना एक सेल, सेलचं गॅस्केट, एक फिल्टर आणि टेस्ट पोर्टच्या दोन टोप्या त्याच ऑर्डरमध्ये लिहून घ्या, नंतर मागवलं तर भाव वेगळा लावतात.