लेथवर गोळे करायचं बॉल टर्निंग अटॅचमेंट, तीन महिने वापरल्यानंतर

घरच्या छोट्या लेथला (धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलने कापायचं मशीन) हँडलचे गोळे स्वतः करायचे हे बरेच दिवस डोक्यात होतं म्हणून शेवटी हे अटॅचमेंट घेतलं, वरची कंपाउंड स्लाइड (टूल धरणारी छोटी सरक) काढून तिच्या जागी क्रॉस स्लाइडवर, म्हणजे आडव्या आत-बाहेर जाणाऱ्या सरकीवर, बसतं ते. खाली जाड बेस, त्यात बेअरिंगवर फिरणारी तबकडी, तबकडीवर छोट्या डव्हटेलमधे (तिरक्या कडांच्या खाचेत) सरकणारा टूल होल्डर आणि फिरवायला एक दांडा. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकमधे (त्याला पकडणाऱ्या जबड्यांत) फिरतो आणि टूलचं टोक जॉबभोवती आडवं अर्धगोल फिरतं, झाला गोळा. आधी मी पायऱ्या पाडून, म्हणजे हिशोब करून एकेक पायरी टर्न करायची आणि मग कानस मारायची, असे गोळे केलेत, एकेका गोळ्याला अख्खी संध्याकाळ जायची आणि दोन गोळे कधी सारखे यायचे नाहीत.

आधी तक्रार सांगतो कारण ती मोठी आहे. खोक्यातून काढलं तेव्हा तबकडीत चक्क प्ले (ढिलेपणा) होता, दांडा वरखाली हलवला की हाताला कळत होता, आणि तसाच पहिला पितळेचा गोळा केला तर मानेजवळ, म्हणजे गोळा बारला जोडलेला असतो त्या बारीक भागाजवळ, पोचल्यावर असं कर्रर्र चॅटर (टूलची थरथर) सुरू झालं की गोळ्यावर खवल्यांसारख्या खुणा उठल्या. खालचा नट उघडून बघितला तर बेअरिंगला प्रीलोड (आधीच आवळून दिलेला दाब) दिलेलाच नव्हता. तबकडी हाताने फिरवताना जराशी जड लागेल इतका घट्ट केला, लॉकनट लावला, चॅटर निम्म्याहून जास्त गेलं. हे कंपनीने करून पाठवायला हवं होतं, नवीन माणूस यात आठवडा घालवेल आणि स्वतःच्या लेथला दोष देत बसेल. सोबत जो कागद येतो त्यात फक्त बोल्ट कुठे लावायचे त्याचं चित्र आहे, सेटिंगबद्दल एक ओळ नाही, आणि या वस्तूत सगळा खेळ सेटिंगचाच आहे.

तबकडीचा फिरायचा अक्ष लेथच्या सेंटर लाइनच्या (जॉब ज्या रेषेभोवती फिरतो तिच्या) बरोबर खाली यायला पाहिजे. टूलकडच्या, म्हणजे आपल्या बाजूला राहिला तर सफरचंद होतं, मधे फुगलेलं आणि टोकाला खळगा. पलीकडे गेला तर लिंबू, टोक निघालेलं. डोळ्याला ०.१ मिमीची चूक दिसत नाही पण हातात फिरवून बघितलं की कळते.

माझी पद्धत अशी. तबकडीच्या मधे भोक आहे (ही या कंपनीने केलेली सगळ्यात चांगली गोष्ट), त्यात ६ मिमीची घट्ट बसणारी सरळ पिन घालायची, ती लेथच्या सेंटरच्या उंचीपर्यंत यायला हवी. चकमधे २० मिमीचा ग्राउंड (अचूक घासलेला) बार, रन आउट (फिरताना किती डगमगतो ते) बघून घ्यायचा. मग क्रॉस स्लाइड आत नेत, मधे पातळ कागद धरून, पिन बारच्या बाजूला टेकवायची, कागद अडकला की डायल शून्य, नंतर कॅरेज (क्रॉस स्लाइड ज्यावर बसते तो लेथच्या लांबीत सरकणारा भाग) मागे घेऊन पिन बारच्या टोकापासून मोकळी करायची आणि क्रॉस स्लाइड त्याच दिशेने अजून १३ मिमी आत (१० बारचे, ३ पिनचे, कागदाची जाडी त्यात मिळवायची). डायल डायामीटरमधे (सरकलेल्या अंतराच्या दुप्पट) वाचणारा असेल तर तो आकडा २६ होईल, हे आधी तपासा, मी एकदा इथेच फसलोय. दिशा उलटी करायची नाही, नाहीतर बॅकलॅश (स्क्रूची मोकळी फिरकी) आत येतो. मग क्रॉस स्लाइड लॉक, आणि गोळा पुरा होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, कट वाढवायचा तो टूल होल्डरच्या स्क्रूने.

एवढं करूनही थोडं राहतंच. ते पकडायला गोळा मायक्रोमीटरने दोनदा मोजायचा, एकदा बरोबर मधे आणि एकदा ४५ अंशात. माझा पहिला २५ चा गोळा मधे २५.२० आणि ४५ अंशात २५.१४ आला. मधलं माप मोठं म्हणजे अक्ष आपल्या बाजूला राहिलाय, आणि दोन मापांतल्या फरकाला १.७ ने गुणलं की किती राहिलाय ते मिळतं, इथे ०.०६ गुणिले १.७ म्हणजे ०.१. स्लाइड तेवढी आत घेतली आणि पुढचा गोळा दोन्हीकडे सारखा आला, तो अजून टेबलावर ठेवलाय, येता जाता हातात घेतो.

टूलच्या उंचीची मात्र मी उगाच धास्ती घेतली होती. कागदावर मांडून बघितलं तर टूल सेंटरच्या खाली असलं तरी आकार गोलच राहतो, फक्त गोळा किंचित मोठा होतो आणि टोकाला बोंड राहतं. २५ च्या गोळ्याला टूल ०.५ मिमी खाली असेल तर व्यास फक्त ०.०२ ने वाढतो पण टोकाला १ मिमीचं बोंड उरतं. म्हणजे बोंड दिसलं तर टूलखाली शिम (पातळ पट्टी) घाला, अक्षाशी खेळू नका.

मान किती ठेवायची याचाही हिशोब आधी करावा लागतो. २५ चा गोळा आणि १० ची मान असेल तर पुढच्या टोकापासून मान सुरू होईपर्यंत २३.९६ मिमी येतात, पूर्ण २५ नाही. पार्टिंग टूलने (खाच पाडायच्या अरुंद टूलने) आधी मान काढून घेतो, मग पुढचे आणि मागचे कोपरे ४५ अंशात उडवतो, त्यामुळे टूलवर एकदम जाडजूड मटेरियल येत नाही. होल्डर थोडा रुंद असल्याने १० पेक्षा बारीक मान करायला गेलं तर त्याची कड खांद्याला (मानेमागच्या जाड भागाला) घासते, मी ती ग्राइंडरवर तिरकी करून घेतली.

पितळ यावर लोण्यासारखं कापलं जातं, २५ च्या बारला ७५० आरपीएमच्या आसपास, पाव मिमीचे कट, शेवटचा ०.०५ चा आणि दांडा एकाच संथ दमात फिरवायचा, मधे थांबलात की तिथे रेघ उमटते. टोकाशी जॉबचा वेग जवळपास शून्य होतो म्हणून तिथे फिनिश जरा फाटल्यासारखं येतं, तेवढं पॉलिश पेपरने जातं. माइल्ड स्टीलला कॅरेज लॉक करून, स्पीड निम्मा करून, धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) टूल लावून जमलं, पण मानेजवळ अजूनही किरकिर करतं. दांडा आखूड आहे, मी दुप्पट लांबीचा करून लावला तेव्हा कुठे स्टीलमधे हात स्थिर राहायला लागला.

लेथ अगदी हलका असेल, क्रॉस स्लाइडच्या गिब (सरकीचा ढिलेपणा काढणाऱ्या पट्ट्या) ढिल्या असतील, तर आधी त्या आवळा आणि मगच हे घ्या. माझ्या लेथची तिन्ही हँडल्स आता याच अटॅचमेंटवर केलेल्या गोळ्यांची आहेत, टेलस्टॉकचा (चकसमोरच्या टोकाला असतो तो भाग) गोळा ३० चा केलाय, तळव्यात नीट बसतो.