घरच्या डीव्हीडी कॉम्प्युटरवर घेताना : डीव्हीडी श्रिंक, हँडब्रेक आणि मेकएमकेव्ही

लग्न, मुंज, डोहाळजेवण, साठीशांती अशा कार्यांच्या डीव्हीडी अजून बहुतेक घरांच्या कपाटांत आहेत. पण त्या लावायचे प्लेअर एकेक करून माळ्यावर गेले आणि नव्या लॅपटॉपना डिस्कचा ड्राइव्ह येईनासा झाला. स्टुडिओवाल्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर लिहून दिलेली डिस्क ही कारखान्यात छापलेल्या डिस्कइतकी टिकाऊ नसते. तिच्यातील रंगाचा थर वर्षांनुवर्षे क्षीण होत जातो, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशीचे डाग पडतात. त्यामुळे हे काम पुढे ढकलण्यासारखे राहिलेले नाही. बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह घेतला की पुढचा प्रश्न सॉफ्टवेअरचा येतो, आणि तेथे डीव्हीडी श्रिंक, हँडब्रेक आणि मेकएमकेव्ही ही तीनच नावे फिरून फिरून समोर येतात. मी तिन्ही वापरली आहेत. बाजारात मिळणाऱ्या चित्रपटांच्या डिस्क, त्यांवरील संरक्षण आणि त्यासंबंधीचा कायदा हा वेगळा विषय आहे. येथे मी केवळ घरच्या डिस्कविषयी लिहीत आहे.

डीव्हीडी श्रिंकचे काम थोडक्यात उरकता येईल. ८.५ जीबीची दुपदरी डिस्क ४.७ जीबीच्या साध्या कोऱ्या डिस्कवर बसवणे एवढ्याच हेतूने ते तयार झाले आणि त्या काळी ते काम त्याने फार चांगले केले. डिस्कवरचा मेनू, म्हणजे बदामाच्या चौकटीत वधूवरांचा फोटो आणि खाली ‘हळद’, ‘सीमांतपूजन’, ‘पाठवणी’ अशी बटणे, हे सगळे ते जसेच्या तसे ठेवते, ही त्याची खरी जमेची बाजू आहे. परंतु २००४ च्या सुमारास त्याचा विकास थांबला, ते केवळ विंडोजसाठी आहे, आणि त्याच्या नावाचा वापर करून भलतेच काही उतरवून देणाऱ्या साइट्स इतक्या आहेत की माहितगार माणसाखेरीज कोणी ते शोधायला जाऊ नये असे मला वाटते. शिवाय आपल्याकडील लग्नाच्या डिस्क बहुतेक वेळा ४.७ जीबीच्याच असतात, म्हणजे त्याने आवळावे असे त्यांत काही नसते. गावी अजून प्लेअर चालू असलेल्या आजी-आजोबांसाठी नवी डिस्क लिहून द्यायची असेल, तर त्याचा विचार करावा. एरवी खरी निवड उरलेल्या दोघांत आहे.

हँडब्रेकविषयी वाईट बोलणे अवघड आहे. एरिक पेटिट यांनी २००३ मध्ये बीओएस या आज विस्मृतीत गेलेल्या प्रणालीसाठी ते प्रथम लिहिले. आज ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही पाहता येतो, आणि पूर्णतः मोफत आहे. डिस्क घालावी, यादीतून सर्वांत लांबीचे टायटल, म्हणजे चित्रीकरणाचा स्वतंत्र भाग, निवडावे, तयार प्रीसेटपैकी, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या सेटिंग्जपैकी, एक घ्यावा आणि सुरू करावे. काही वेळाने फोनवर, टीव्हीवर, कुठेही चालणारी एमपी फोर फाइल हाती येते. आकार मूळ डिस्कच्या तुलनेत पुष्कळच कमी होतो. माझ्या डिस्कच्या बाबतीत तो साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येत गेला, अर्थात चित्रीकरण कसे आहे यावर ते अवलंबून असते. ज्याला परदेशातल्या भावंडांना मुंजीचे चित्रीकरण लवकरात लवकर पाठवायचे आहे, त्याला याहून सोयीचे साधन मी सुचवू शकणार नाही.

असे असूनही मी डिस्क थेट हँडब्रेकमध्ये घालणे थांबवले, आणि त्याचे कारण एकच आहे : आडव्या रेघा. आपल्याकडचे चित्रीकरण पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमचे. पण त्या काळच्या कॅमेऱ्यांत प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते, एकात सम रेघा आणि दुसऱ्यात विषम, आणि ही दोन अर्धी चित्रे वेगवेगळ्या क्षणी टिपलेली असतात. जुना ट्यूबचा टीव्ही ती एकामागोमाग एक दाखवत असे, त्यामुळे सेकंदाला ५० क्षणांची सलग हालचाल डोळ्यांना दिसत असे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीच दोन्ही चित्रे एकत्र आली की हलणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात. हँडब्रेकला ही अडचण माहीत आहे आणि त्याच्या नेहमीच्या प्रीसेटमध्ये रेघा ओळखून काढून टाकणारी गाळणी आधीपासून चालू असते. प्रश्न तिच्या पद्धतीचा आहे. ती दोन अर्ध्या चित्रांचे मिळून एकच चित्र करते, म्हणजे ५० क्षणांपैकी २५ उरतात, आणि ते कायमचे.

बसलेल्या पाहुण्यांच्या दृश्यात याने काहीच बिघडत नाही. पण लग्नाच्या डिस्कमध्ये जे पाहण्यासाठी आपण ती लावतो ते नेमके हलते असते. मंगलाष्टका संपतात, ‘सावधान’ म्हटले जाते, अंतरपाट बाजूला होतो आणि चहूबाजूंनी अक्षता येतात. अक्षता लहान असतात, वेगात असतात आणि स्टुडिओवाल्याच्या हॅलोजनच्या झोतात लखलखत असतात. कॉम्प्रेशनला, म्हणजे चित्र आवळून फाइल लहान करण्याला, त्याहून कठीण दृश्य सहसा सापडत नाही. मूळ डिस्कमध्ये दाणे हवेतून खाली येताना दिसतात. नेहमीच्या प्रीसेटने केलेल्या फाइलमध्ये त्यांतले काही अर्धवट रेघांचे राहतात, काही मागच्या शालूच्या जरीत विरघळतात, आणि उरलेले एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारल्यासारखे दिसतात. वरातीतल्या नाचाचेही तसेच होते. त्यात तर गाळणी कधी रेघ ओळखते आणि कधी ओळखत नाही, त्यामुळे एकाच माणसाचे हात क्षणभर स्वच्छ आणि क्षणभर करवतीसारखे दिसतात. त्यात भर म्हणजे आपले मिक्सिंगवाले दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचे चित्रण जोडत, मध्ये स्थिर फोटो फिरवत, वर फुलांचे इफेक्ट टाकत. त्यामुळे एकाच डिस्कच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी वागणूक लागते, आणि कधी कधी अर्ध्या चित्रांचा क्रमही मधूनच उलटा झालेला आढळतो.

यावर हँडब्रेकमध्येच उपाय नाही असे नाही. गाळणीचा ‘बॉब’ हा पर्याय निवडला की प्रत्येक अर्ध्या चित्राचे एक पूर्ण चित्र होते आणि पन्नासही क्षण टिकतात. मात्र त्यासोबत फ्रेमरेटही, म्हणजे सेकंदाला फ्रेमची संख्या, ५० करावा लागतो, कारण नेहमीच्या ‘फास्ट १०८०पी३०’ या प्रीसेटमध्ये कमाल मर्यादा ३० ची असते आणि ती तशीच राहिली तर वाढवलेली चित्रे पुन्हा गाळली जाऊन हालचाल आधीपेक्षाही अडखळती होते. जाणकाराला हे जमते. माझा आक्षेप त्याहून मूलभूत आहे : डिस्कची नक्कल करणे आणि तिचा आकार कमी करणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि डिस्क थेट हँडब्रेकमध्ये घालणारा माणूस ती दोन्ही एकाच झटक्यात उरकतो. रेघांचे काय करायचे, दर्जा किती ठेवायचा, आवाज कोणत्या स्वरूपात घ्यायचा, हे सगळे निर्णय डिस्क ड्राइव्हमध्ये फिरत असतानाच घ्यावे लागतात. त्यांचा परिणाम समजतो तो फाइल पूर्ण पाहिल्यावर, आणि तोवर आत्याकडून आणलेली डिस्क बहुधा आत्याच्या घरी परत गेलेली असते. पुन्हा मागायला गेले तर ती सापडेल आणि वाचलीही जाईल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

मेकएमकेव्ही यातला एकही निर्णय घेत नाही, आणि माझ्या दृष्टीने हाच त्याचा मोठा गुण आहे. ते डिस्कवरील चित्र आणि आवाज यांना हातही न लावता, एकेका टायटलची एकेक एमकेव्ही फाइल, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारी फाइल, करून देते. अर्धी चित्रे अर्धीच राहतात, सनईचा आवाज स्टुडिओने दिला तसाच राहतो, प्रकरणांच्या खुणाही टिकतात. पुन्हा कॉम्प्रेस करायचे नसल्यामुळे प्रोसेसरवर ताण येत नाही. भरलेली डिस्क माझ्या साध्या यूएसबी ड्राइव्हवर पंधरा-वीस मिनिटांत उतरते, म्हणजे नातेवाइकांकडे भेटीला गेलो असतानाच लॅपटॉप उघडून काम होते आणि डिस्क त्यांच्या घराबाहेर न्यावी लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर हँडब्रेकला त्याच डिस्कसाठी पुष्कळ अधिक वेळ लागतो आणि तेवढा सगळा वेळ ड्राइव्ह फिरत राहतो. मेकएमकेव्ही पूर्णपणे मुक्तस्रोत नाही, ही गोष्ट काहींना खटकेल. पण डीव्हीडीपुरते ते मोफत आहे.

त्याचे दोष सांगितले पाहिजेत. पहिला दोष असा की, १२० सेकंदांपेक्षा लहान टायटले ते मुळातच वगळते. चित्रपटाच्या डिस्कवर हे ठीक आहे, कारण लहान तुकडे म्हणजे बहुधा जाहिराती असतात. घरच्या डिस्कवर मात्र बारशाच्या दिवशी पाळण्यात नाव ठेवतानाचा दीड मिनिटाचा स्वतंत्र तुकडा असू शकतो आणि तो कोणतीही ओरड न होता मागे राहतो. सेटिंग्जमध्ये जाऊन ही मर्यादा शून्यावर किंवा पाच-दहा सेकंदांवर आणणे हे पहिले काम समजावे. हँडब्रेकची मर्यादा मुळातच १० सेकंदांची असल्यामुळे तेथे हा प्रश्न जवळजवळ येत नाही. दुसरे म्हणजे, दोन्ही सॉफ्टवेअर मेनू टाकून देतात. ज्यांना बदामाच्या चौकटीसह डिस्क जपायची आहे त्यांनी इमेजबर्नसारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची आयएसओ फाइल, म्हणजे तिची एकाच फाइलमधली हुबेहूब नक्कल, करून ठेवावी. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर ती मेनूसकट चालवतो आणि मेकएमकेव्हीलाही ती उघडता येते. तिसरे म्हणजे, मेकएमकेव्हीची फाइल फोनवर नीट चालेलच असे नाही, आणि तिचा आकार जवळजवळ डिस्कएवढाच असतो.

या शेवटच्या मुद्द्यावर बरेच जण अडतात, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर ४.७ जीबीच्या, काठोकाठ भरलेल्या दोनशेहून अधिक डीव्हीडी मावतात. एका कुटुंबाच्या सगळ्या शाखांची कार्ये धरली तरी एवढ्या डिस्क क्वचितच निघतील. आकार कमी करण्याची निकड हार्ड डिस्क महाग होत्या तेव्हाची होती. आज मूळ नक्कल तशीच ठेवणे परवडते. पाठवायला आणि फोनवर पाहायला लहान फाइल लागतेच, पण ती त्या एमकेव्हीवरून हँडब्रेकमध्ये घरी शांतपणे करता येते. तेव्हा बॉब लावून पाहावा, नाही आवडला तर न लावता पाहावा. दर्जाचा आरएफ आकडा (तो जितका लहान तितका दर्जा चांगला) २० ठेवावा, अक्षता विरघळल्या तर १८ करावा. साध्या डीव्हीडीच्या चित्रासाठी हँडब्रेकचे कर्तेही १८ ते २२ हीच मर्यादा सुचवतात. काही वर्षांनी रेघा काढण्याचे अधिक चांगले तंत्र आले, तर तेही त्याच मूळ फाइलवर चालवता येईल.

ओरखडे पडलेल्या डिस्कपुढे दोघांचीही फार मात्रा चालत नाही. मेकएमकेव्ही वाचन चुकल्याची नोंद तरी खाली लिहून दाखवते, पण अडलेला भाग पुन्हा पुन्हा वाचण्यासाठी लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हे साधन अधिक चिवट आहे. कोणता भाग वाचला आणि कोणता राहिला याचा नकाशा ते ठेवते, त्यामुळे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेला भाग मिळवता येतो. त्याने तयार केलेली आयएसओ मग मेकएमकेव्हीला द्यावी. त्याहून जुन्या व्हीसीडी मात्र मेकएमकेव्ही घेतच नाही; त्यांच्यातील डीएटी फाइल कॉम्प्युटरवर उतरवून हँडब्रेकमध्ये उघडणे हा मला सोपा मार्ग वाटला. मिनी डीव्हीडीवर लिहिणाऱ्या हँडीकॅमच्या डिस्क ‘फायनलाइझ’, म्हणजे इतर उपकरणांना वाचता याव्यात म्हणून कायमच्या पक्क्या, केलेल्या नसतील, तर त्या आधी त्याच कॅमेऱ्यात तशा करून घ्याव्या लागतात, म्हणून असा कॅमेरा घरात असेल तर तो भंगारात देऊ नये.

ज्यांच्याकडे दोन-तीनच डिस्क आहेत, त्या स्वतःच्याच घरच्या आहेत आणि हवी आहे ती फक्त फोनवरची फाइल, त्यांना दोन टप्प्यांचा हा खटाटोप नको वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यांनी थेट हँडब्रेक वापरले तर मी त्यांना अडवणार नाही. एवढेच करावे की, संपूर्ण डिस्क लावण्याआधी त्यातील रेंजच्या पर्यायाने केवळ अंतरपाट दूर होतो त्या भागाची मिनिटभराची फाइल करावी, ती फोनवर नव्हे तर मोठ्या पडद्यावर पाहावी, आणि अक्षता पडताना नीट दिसल्या तरच उरलेले काम सुरू करावे.